पाठीमागचा दिवा

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही आणि गाडी चालवणाऱ्याला आपल्या गाडीचा मागचा दिवा दिसत नाही. पुढचे दिवे मंद झाले की अडचण आपली आपल्यालाच होते. खड्डा दिसत नाही, गतिरोधक दिसत नाही, आणि मग दुसऱ्याच दिवशी आपण गॅरेज गाठतो. मागचा दिवा मात्र आपल्या उपयोगाचा नसतोच. तो असतो मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. तो धुरकटला, तडकला, अगदी विझला तरी आपला प्रवास सुरळीत चालू राहतो. म्हणूनच जुन्या गाड्यांमध्ये सर्वांत जास्त हेळसांड होते ती या तांबड्या काचेची. बैठकीची खोली झाडून-पुसून लख्ख ठेवावी आणि मागच्या बोळात मात्र कुणी डोकावूही नये, तसाच हा प्रकार.

दिवेलागणीच्या सुमारास आपल्या छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच्या कुठल्याही सिग्नलला पाच मिनिटे थांबून पुढच्या गाड्यांच्या पाठी न्याहाळून पाहा. मी हा उद्योग गेले वर्षभर करतो आहे. नव्या गाड्यांचे दिवे डाळिंबाच्या दाण्यांसारखे चमकतात आणि त्यांच्या शेजारीच उभ्या असलेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचा दिवा वाळलेल्या कोकमासारखा काळपट दिसतो. एखाद्या गाडीची काच फुटलेली असते आणि तिच्यावर चिकटपट्टी डकवलेली असते. एखादीचा एकच डोळा उघडा असतो. दुचाकीच्या दिव्यावर गेल्या पावसाळ्याचा चिखल तसाच सुकलेला असतो. काही हौशी तरुण तर चांगल्या दिव्यावर काळी फिल्म चिकटवतात, म्हणे गाडी रुबाबदार दिसते! रात्री ती मुळीच दिसत नाही, हे त्यांच्या गावीही नसते.

गंमत अशी की हे सारे दिवे तयार करणाऱ्या गावात घडते आहे. ऐंशीच्या दशकात वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्यांची वसाहतच उभी राहिली. इथेच वाढलेल्या व्हॅरॉक या उद्योगाने २०१२ साली व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा जगभर पसरलेला दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला. त्यातला युरोप-अमेरिकेतला भाग पुढे २०२२ साली एका फ्रेंच कंपनीला विकला. शेंद्र्याला २००१ साली स्कोडाच्या ऑक्टाव्हिया गाड्या तयार होऊ लागल्या. तेव्हा ज्या गाडीकडे आपण मान वळवून बघत होतो, तिची पहिली पिढी आता म्हातारी झाली आणि तिच्याही मागच्या दिव्यांवर साय धरली. परदेशी गाड्यांचे दिवे कसे बनवायचे हे ज्या गावाला कळते, त्या गावाला आपल्या दारातला दिवा पुसायला वेळ मिळू नये, हे काही बरे नव्हे.

माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. १९८३ च्या डिसेंबरात या गाडीची पहिली किल्ली दिल्लीत दिली गेली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत मराठवाड्यातल्या किती घरांत ती पहिली मोटार म्हणून आली असेल! पगारदार माणसाच्या दारात पेढे वाटून उभी राहिलेली ही गाडी. माझ्या गाडीचे इंजिन अजून ठणठणीत आहे. पण मागच्या दिव्यांचा तांबडा रंग दिवसेंदिवस मेणचट होत गेला होता. ब्रेक दाबला की उजेड पडायचा, पण दुलईखाली टॉर्च लावावी तसा.

शेजाऱ्यांच्या गाडीची अशीच गत झाली तेव्हा त्यांनी बाजारातून स्वस्तातली नवी काच आणून बसवली होती. दोन उन्हाळ्यांत ती गुलाबी पडली, शिवाय खाचेत नीट न बसल्यामुळे पहिल्याच पावसात आत पाणी शिरले. ते पाहिलेले असल्याने मी आधी उस्मानपुऱ्याकडच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रींना गाठले. त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला, बाटलीतले थोडे पाणी तिच्यावर ओतले आणि म्हणाले, “नवा नक्को लो काका, ये जिंदा है.” पाणी पडताच ती काच लालबुंद दिसू लागली होती. वाळली तशी पुन्हा धुरकट झाली.

या साध्या परीक्षेत सगळे मर्म आहे. काच काच म्हणतो ती खरे म्हणजे काच नसते. ते ॲक्रिलिक नावाचे प्लास्टिक असते. उन्हाने, धुळीने, कोरड्या फडक्याने पुसल्याने त्याच्या वरच्या थरावर असंख्य बारीक ओरखडे उठतात. प्रत्येक ओरखडा आतून येणारा उजेड वेडावाकडा विखरून टाकतो, म्हणून दिवा धुरकट वाटतो. पाणी त्या ओरखड्यांत भरते आणि पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होतो. म्हणून, ओली केल्यावर काच उजळली तर दोष फक्त वरच्या कातडीचा आहे आणि घासून-पुसून तो जाईल. ओली करूनही ती मलूलच राहिली तर दोष आत आहे. एक तर आतल्या बाजूला धूळ-शेवाळ साचले आहे किंवा प्लास्टिकच खोलवर तडकले आहे. अशा तडकलेल्या काचेला मात्र बदलण्यावाचून इलाज नाही.

ॲक्रिलिकची एक हकिगत घरातल्या आजी-आजोबांना नक्की आवडेल. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकापुढचे पारदर्शक छत याच जातीच्या प्लास्टिकचे असे. गोळीबारात त्याच्या ठिकऱ्या उडून काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरल्या. हेरॉल्ड रिडले या इंग्रज नेत्रवैद्याच्या लक्षात आले, की या ठिकऱ्यांनी डोळा चिडत नाही, तो त्या निमूटपणे सोसतो. त्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात जगातले पहिले कृत्रिम भिंग बसवले. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून अशी भिंगे आपल्याकडे स्वस्तात बनवायला सुरुवात केली आणि गरिबाच्या आवाक्यात दृष्टी आली. तेव्हा गाडीच्या दिव्याला मोतीबिंदू झाला असे मी म्हणतो, ते केवळ गमतीने नाही. दोघांचे नाते तसे जवळचेच आहे.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. सुटीच्या दिवशी दोन-अडीच तासांचे काम आहे, आणि घरातल्या शाळकरी मुलांना त्यात हौसेने सामील करून घेता येते. गाडी सावलीत लावा. दिवा आधी साबणाच्या पाण्याने भरपूर धुवा, कारण त्यावर राहिलेला वाळूचा एक कणही घासताना नवा ओरखडा काढतो. शक्य असेल तर स्क्रू काढून काच वेगळी करावी. नसेल तर भोवतीच्या रंगावर चिकटपट्टीचे दोन थर द्यावेत, नाहीतर दिवा उजळतो आणि गाडीचा रंग जातो.

मग वॉटर पेपर. रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात तो मिळतो. ओरखडे नखाला लागण्याइतके खोल असतील तरच ८०० नंबरने सुरुवात करावी, एरवी १००० पुरतो. कागद दहा मिनिटे पाण्यात भिजत ठेवावा, पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकावा आणि हलक्या हाताने घासावे. काच सतत ओली हवी. दुधासारखे तांबूस पाणी वाहू लागेल, त्याने घाबरून जाऊ नये. एका नंबरचा कागद आडवा फिरवला तर पुढच्या नंबरचा उभा फिरवावा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की राहिल्या ते कळते. १००० नंतर १५००, मग २०००. इथे घाई करणाऱ्याचे काम फसते. आधीच्या कागदाच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही, एवढे एकच पथ्य आहे. या टप्प्यावर काच पहिल्यापेक्षाही भुरकट दिसते. घरातले लोक “झाले, होती तीही घालवली!” असे म्हणतात. म्हणू द्यावे.

त्यानंतर रबिंग कंपाऊंड. मऊ सुती फडक्याचा बोळा करून, थोडे कंपाऊंड घेऊन गोल गोल घासत राहावे. मग दुसऱ्या स्वच्छ फडक्याने बारीक पॉलिश. ज्यांनी दिवाळीत पितळेची समई घासली आहे त्यांना या कामातला आनंद वेगळा सांगायला नको. पहिल्यांदा एका कोपऱ्यात चमक येते, मग ती पसरत जाते आणि अचानक आतला बल्ब, त्याची तार, मागची चकचकीत वाटी असे सगळे स्पष्ट दिसू लागते. काम फार थोडे असेल तर टूथपेस्टनेही भागते, कारण तिच्यातही बारीक घासणारी पूड असतेच. पण खोल ओरखड्यांपुढे तिचे काही चालत नाही. शेवटी गाडीच्या मेणाचा एक हात द्यावा.

काही पथ्ये मात्र कडक पाळावीत. पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिटने काच पुसू नये. डाग पटकन निघतात खरे, पण ॲक्रिलिकला त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. पॉलिशचे मशीन एकाच जागी धरू नये. उकळत्या पाण्याच्या आसपासच्या उष्णतेला हे प्लास्टिक मऊ पडते आणि घर्षणाने तेवढी उष्णता सहज तयार होते. बल्बच्या मागची रुपेरी वाटी घासायची नाही. तिच्यावरचा मुलामा इतका पातळ असतो, की फडक्याबरोबर निघून येतो. आणि पुढच्या दिव्यांना हाच न्याय सरसकट लावू नये. नव्या पद्धतीच्या पुढच्या दिव्यांची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावर कारखान्यात दिलेले संरक्षक लेपन असते. ते घासून काढले आणि नवे दिले नाही, तर काही महिन्यांतच काच पुन्हा पिवळी पडते.

दिव्यातला एक तुकडा विशेष जपण्यासारखा असतो. काचेच्या एका भागात आतून मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. ती शोभेची नाही, तो परावर्तक आहे. एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन बारीक पृष्ठांचे ते कोपरे असतात आणि कोणत्याही दिशेने आलेला उजेड ते आल्या दिशेलाच परत पाठवतात. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जे परावर्तक ठेवले, तेही याच तत्त्वावर चालतात. आपली गाडी रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडली, बॅटरी उतरली, तरी मागून येणाऱ्याच्याच दिव्याने हा तुकडा पेटतो. मात्र त्यासाठी त्याची बाहेरची बाजू नितळ हवी आणि आतली बाजू कोरडी. त्या नक्षीत पाणी-चिखल भरला की उजेड परत फिरतच नाही. म्हणून काच काढल्यावर आतून कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने ती धुवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि कडेचे रबर कडक झाले असेल तर नवे टाकावे. खाली पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोक असते, ते मात्र बुजवू नये.

काम संपले की परीक्षा. अंधार पडल्यावर गाडी घराच्या भिंतीकडे पाठ करून उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि ब्रेक दाबून मागच्या आरशात भिंतीवरची लाली पाहावी. पुष्कळ गाड्यांत मागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, पाच वॅटची रोजच्या दिव्यासाठी आणि एकवीस वॅटची ब्रेकसाठी. दोन्हींतला फरक ठळक दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर मागच्या माणसाला आपण थांबतो आहोत हे कळणारच नाही. बल्बच्या होल्डरला गंज आहे का, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

एवढ्याशा दिव्याचे एवढे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षीच्या अपघातांत पाचांतला एकाहून थोडा अधिक अपघात मागून धडकण्याचा होता. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात, समृद्धी महामार्गावर भाविकांना नाशिककडे नेणारी मिनीबस एका ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचे प्राण गेले. त्या अपघाताची कारणे आणि त्याची चौकशी हा वेगळा विषय आहे. मला सांगायचे आहे ते इतकेच, की वेगवान रस्त्यावर पुढचे वाहन उभे आहे की चालते आहे, हे ओळखायला मागच्याला काही सेकंदच मिळतात. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर कापते. धुरकट दिव्याने दोन सेकंद खाल्ले, की तेवढ्यात ५६ मीटर संपले.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना मागे एक जादा ब्रेकदिवा लावून पाहिला होता. त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका साठ टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या. पुढे १९८६ च्या मॉडेलपासून तिथल्या मोटारींना हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. सगळ्यांच्याच गाड्यांना तो आल्यावर त्याची नवलाई ओसरली आणि फायदा चार टक्क्यांच्या घरात स्थिरावला. पण लाखो गाड्यांच्या देशात चार टक्के म्हणजेही हजारो धडका टळल्या.

आपल्याकडे ही जाण नवीन नाही. रात्री चालणाऱ्या बैलगाडीच्या साट्याखाली कंदील लोंबत असे, तो बैलांसाठी थोडाच होता? बिनदिव्याच्या सायकलवाल्याला पोलीस चाकातली हवा सोडून चालत घरी पाठवीत, हे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. रेल्वे तर आजही आपल्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर दिवसा ‘एलव्ही’ची पाटी आणि रात्री तांबडा दिवा लावते. स्थानकातला कर्मचारी तो पाहतो, तेव्हाच गाडी अखंड आली, मागे एखादा डबा तुटून राहिला नाही, याची खात्री पटते.

रस्त्यावर मात्र आपण ही शिस्त हरवून बसलो आहोत. उसाचा हंगाम सुरू झाला, की पैठण-गंगापूरच्या रस्त्यांवर एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. उसाच्या मोळ्या मागे इतक्या लोंबत असतात, की दिवा असला तरी झाकला जातो, आणि पुष्कळदा तो नसतोच. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाचे वजन होते, तसे ट्रॉलीच्या मागचा दिवा आणि परावर्तक पट्टी पाहिल्याशिवाय ती आत न घेण्याचा नियम प्रत्येक कारखान्याने स्वतःहून केला, तर त्याला कायद्याची वाट बघायला नको. परावर्तक पट्टीचा खर्च एका खेपेच्या डिझेलहूनही कमी आहे.

आणि जुन्या गाड्या बाळगणाऱ्या आम्हा मंडळींचीही जबाबदारी आहेच. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झाले. २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते दहा हजारांवर गेले. जुन्या गाड्या रस्त्यावरून हटवाव्यात, असा सरकारचा रोख त्यातून दिसतो. आम्हाला त्या ठेवायच्या असतील, तर त्या ठेवण्याजोग्या आहेत हे दाखवून देणे आमचे काम आहे. ‘ओल्ड इज गोल्ड’ अशी पाटी मागच्या काचेवर लावायची आणि तिच्याखालचा दिवा मात्र मिचमिचा, हे चालणार नाही. गाडीचे वय मागच्या माणसाला माहीत असण्याचे कारण नाही. ती थांबते आहे, एवढे त्याला वेळेवर कळले पाहिजे.

यासाठी एक मुहूर्त सुचवतो. दसऱ्याला आपण सगळेच गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, हळद-कुंकू लावतो. हे सारे लाड गाडीच्या पुढच्या बाजूचे. मागच्या दिव्याकडे त्या दिवशीही कुणाचे लक्ष जात नाही. पण तेव्हा पावसाळा नुकताच संपलेला असतो, काचेत शिरलेले पाणी-चिखल काढायला तीच वेळ योग्य असते, आणि पुढ्यात उसाचा हंगाम व थंडीतले धुके उभे असते. तेव्हा यंदापासून दसऱ्याच्या आदल्या रविवारी घरातल्या सगळ्या वाहनांचे, आजोबांच्या स्कूटरपासून मुलांच्या सायकलच्या परावर्तकापर्यंत, मागचे दिवे एकत्र घासून-पुसून लख्ख करावेत. दोन-तीन नंबरांचा वॉटर पेपर, कंपाऊंडची एक डबी आणि जुने सुती धोतर एवढे साहित्य त्याला पुरते.